पडजिभेमागची वाट

नाकाच्या मागे सुरू होऊन स्वरयंत्रापाशी संपणाऱ्या घशाला स्वतःचा सांगाडा नाही. नाकाला हाडाचा आणि कूर्चेचा आधार आहे, श्वासनलिकेला कूर्चेच्या कड्या आहेत. मधली बारा-तेरा सेंटिमीटरची ही वाट मात्र मागच्या बाजूला मणक्यांना टेकलेली आणि बाकी सगळीकडून मांसाची. तिथे कडक भिंती चालणारच नाहीत, कारण याच वाटेने आपण गिळतो आणि याच वाटेला आकार देऊन बोलतो. घास खाली जाताना तिला मिटता आलं पाहिजे आणि पुढच्याच क्षणी श्वासासाठी उघडता आलं पाहिजे. जागेपणी हे काम वीसहून अधिक स्नायू बिनबोभाट करत असतात.

झोप लागली की हे स्नायू सैलावतात. सगळ्यांचेच सैलावतात, पण ज्यांची वाट मुळातच अरुंद असते त्यांची पंचाईत होते. जबडा लहान किंवा मागे असतो, जीभ जाड असते, टॉन्सिल मोठे असतात, घशाच्या भिंतींत चरबी साठलेली असते. छाती हवा आत ओढते तेव्हा घशात दाब कमी होतो आणि भिंती आतल्या बाजूला खेचल्या जातात. कागदी नळीने घट्ट मिल्कशेक जोराने ओढला की नळी मधोमध चपटी होते आणि मग कितीही ओढलं तरी काही येत नाही, तसंच हे होतं. वाट अर्धवट मिटली की घोरणं ऐकू येतं. ती पूर्ण मिटली की घोरणंही थांबतं, छाती-पोट हलत राहतं आणि हवा मात्र आत जात नाही. रक्तातला प्राणवायू घसरतो, मेंदू क्षणभर जागा होतो, स्नायू ताठ होतात, एक मोठा सुस्कारा येतो आणि माणूस पुन्हा झोपतो. सकाळी त्याला यातलं काहीही आठवत नसतं. आठवतं ते शेजारी झोपलेल्याला.

श्वास दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ थांबला की तो एक खंड धरतात. प्रवाह बराच कमी होऊन प्राणवायू घसरला तर तोही मोजतात. तासाला असे किती खंड पडतात त्या आकड्याला डॉक्टर एएचआय म्हणतात. पाचपर्यंत ठीक, पाच ते पंधरा सौम्य, पंधरा ते तीस मध्यम, तीसच्या वर तीव्र. तीव्र म्हणजे सरासरी दर दोन मिनिटांनी एकदा किंवा त्याहूनही जास्त वेळा श्वास अडणं, तेही रात्रभर. यातून रक्तदाब चढतो, हृदयाची लय बिघडते, पक्षाघाताचा धोका वाढतो आणि दिवसा स्टिअरिंगवर डुलकी लागते.

हा आजार आपल्याकडे नाही, अशी समजूत बरीच वर्षं होती. मुंबईत डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या, एरवी निरोगी असलेल्या शहरी पुरुषांची पाहणी करून २००४ मध्ये निष्कर्ष छापले. झोपेतले श्वासाचे अडथळे १९.५ टक्के पुरुषांत होते आणि दिवसाच्या झोपाळूपणासह पूर्ण आजार ७.५ टक्क्यांत. २०२२ च्या फेब्रुवारीत संगीतकार बप्पी लाहिरी गेले, तेव्हा मृत्यूच्या कारणात या आजाराचं, म्हणजे स्लीप ॲप्नियाचं, नाव आलं आणि अनेक घरांत हा शब्द पहिल्यांदा ऐकला गेला. मग साहजिक प्रश्न येतो: घशातच अडतंय ना, मग घशाचं ऑपरेशन करून टाकू, कायमची कटकट मिटेल. या प्रश्नाला आजवर मिळालेली उत्तरं बघण्यासारखी आहेत.

पहिली शस्त्रक्रिया अडथळ्याला हातच लावत नव्हती. १९६५ मध्ये फ्रान्स आणि जर्मनीतल्या संशोधकांनी स्वतंत्रपणे दाखवून दिलं, की अशा रुग्णांचा श्वास रात्री वारंवार अडतो. त्यानंतर चारच वर्षांत, १९६९ मध्ये, जर्मनीतल्या कूलो आणि सहकाऱ्यांनी ट्रेकिऑस्टॉमीचा उपाय मांडला. गळ्याला पुढून छिद्र पाडून श्वासनलिकेत नळी बसवायची. रात्री नळी उघडी ठेवायची, म्हणजे हवा मिटणाऱ्या घशाला वळसा घालून थेट फुप्फुसात जाते. उपाय जवळजवळ हमखास लागू पडायचा. पण गळ्यात कायमचं भोक, त्याची रोजची साफसफाई, जंतुसंसर्ग, पाणी आत जाण्याची भीती आणि लोकांच्या नजरा. मरणाच्या दारात असलेला माणूसच याला होकार देई. आजही अगदी टोकाच्या रुग्णात, बाकी सगळे मार्ग बंद झाल्यावर, ही शस्त्रक्रिया करावी लागते.

दुसरी वाट जपानमधून आली. ताकेनोरी इकेमात्सू हे कान-नाक-घसा तज्ज्ञ घोरणाऱ्यांच्या टाळूवर शस्त्रक्रिया करत होते आणि १९६४ मध्ये त्यांनी ती प्रसिद्ध केली. त्यांचा हेतू घोरणं थांबवण्याचा होता. श्वास अडण्याचा आजार तेव्हा नीट ओळखलाच गेला नव्हता. अमेरिकेत डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड हॉस्पिटलमधले शिरो फुजिता यांनी ही कल्पना उचलली, तिच्यात बदल केले आणि १९८१ मध्ये बारा रुग्णांचे निकाल मांडले. शस्त्रक्रियेचं नाव लांबलचक आहे, युव्ह्युलोपॅलॅटोफॅरिंगोप्लास्टी. डॉक्टरही तिला यूपीपीपी म्हणूनच मोकळे होतात.

फुजितांच्या पद्धतीत तोंडातूनच काम होतं, बाहेर कुठे छेद नाही. पूर्ण भूल देऊन जबडा विस्फारकाने उघडतात. दोन्ही टॉन्सिल काढतात. पडजीभ आणि मऊ टाळूची मागची कड कापतात. टॉन्सिलच्या पुढे आणि मागे मांसाच्या ज्या दोन कमानी असतात त्या ओढून एकमेकींना शिवतात, म्हणजे सैल पडदा ताणला जाऊन मागची वाट रुंद होते. तोंड उघडल्यावर मागे जो अंधारा झरोका दिसतो तो खरोखरच मोठा झालेला असतो. सर्जनला दिसतं, नातेवाइकांना दाखवता येतं. पुढच्या दशकात ही शस्त्रक्रिया जगभर पसरली, त्यात या दिसण्याचा वाटा मोठा होता असं मला वाटतं.

त्याच १९८१ साली सिडनीत कॉलिन सलिव्हन यांनी पाच रुग्णांचे निकाल ‘लॅन्सेट’मध्ये छापले. नाकावर मास्क लावून पंख्याच्या दाबाने हवा सोडायची. हवेच्या आधाराने घसा उघडा राहतो. हेच आजचं सीपॅप. एकाच वर्षी दोन रस्ते उघडले, एक हवेचा आणि एक सुरीचा. यंत्र तेव्हा अवजड आणि गोंगाट करणारं होतं, म्हणून पहिली काही वर्षं सुरीचीच चलती राहिली.

मग हिशेब मांडायची वेळ आली. १९९६ मध्ये शेर आणि सहकाऱ्यांनी तोवर प्रसिद्ध झालेले यूपीपीपीचे सगळे निकाल एकत्र केले. यश मिळालं होतं सुमारे ४१ टक्के रुग्णांना. त्यातही यशाची व्याख्या उदार होती: एएचआयचा आकडा निम्म्याने घटावा आणि विसाच्या खाली यावा. म्हणजे ताशी साठ खंड पडणाऱ्याचे एकोणीस झाले तर तो यशस्वी, पण एकोणीस म्हणजे अजून मध्यम आजारच. उरलेल्या निम्म्याहून जास्त लोकांनी दोन आठवड्यांची घशाची आग सोसली, जोखीम पत्करली आणि आजार या उदार मापानेही आटोक्यात आला नाही.

असं का झालं असावं? शस्त्रक्रिया नीट झाली नाही म्हणून नव्हे. बऱ्याच जणांचा घसा मुळात टाळूपाशी मिटतच नव्हता, किंवा फक्त टाळूपाशी मिटत नव्हता. जिभेचं मूळ मागे पडत होतं, बाजूच्या भिंती आत येत होत्या, क्वचित स्वरयंत्रावरची झडप वाटेवर पडत होती. वरचा दरवाजा रुंद केला आणि खालचा बंदच राहिला, तर माणसाला हवा कुठून मिळणार?

शिकागोचे मायकेल फ्रीडमन यांनी २००२ मध्ये या गोंधळात एक सोपी चाळणी आणली. तिला कुठलंही यंत्र लागत नाही. रुग्णाला तोंड उघडायला सांगायचं, जीभ बाहेर न काढता. टाळू आणि पडजीभ किती दिसते ते बघायचं, टॉन्सिल किती मोठे आहेत ते बघायचं आणि उंचीच्या मानाने वजन किती ते मोजायचं. टॉन्सिल मोठे आणि जीभ खाली, टाळू स्पष्ट दिसतोय, असा पहिला गट. त्यात यूपीपीपीचं यश ८०.६ टक्के होतं. मधल्या गटात ३७.९ टक्के. टॉन्सिल लहान आणि जीभ इतकी वर की टाळू झाकलेला, अशा तिसऱ्या गटात फक्त ८.१ टक्के. शस्त्रक्रिया एकच, फरक रुग्णाच्या घशाचा. या विषयावरची कितीही पुस्तकं चाळली तरी याहून बोलका पुरावा मला सापडलेला नाही. ऑपरेशन चांगलं की वाईट, हा प्रश्नच अपुरा आहे. ते कोणाच्या घशावर, हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

आता या निवडीसाठी आणखी एक तपासणी आहे. तिची सुरुवात १९९१ मध्ये लंडनच्या क्रॉफ्ट आणि प्रिंगल यांनी केली. ऑपरेशन थिएटरमध्ये दिवे मंद करतात. भूलतज्ज्ञ शिरेतून प्रोपोफॉल थेंबाथेंबाने सोडतो, घाईने नाही, कारण जास्त औषधाने घसा वाजवीपेक्षा सैल पडतो आणि चित्र खोटं येतं. बोटाला प्राणवायू मोजणारी चिमटी असते. काही मिनिटांत रुग्ण घोरू लागतो. मग नाकातून पेन्सिलीहून बारीक, लवचिक दुर्बीण आत जाते आणि पडद्यावर घसा दिसतो: ओला, गुलाबी, श्वासागणिक हलणारा. टाळू मागच्या भिंतीवर आपटतो, थरथरतो आणि चिकटतो. दुर्बीण थोडी खाली नेली की जिभेचं मूळ दिसतं. एखाद्याच्या बाजूच्या दोन्ही भिंती पडद्यासारख्या मधोमध येऊन भेटतात. एखाद्याचा टाळूमागचा भाग चहूबाजूंनी आवळत गोल मिटतो. इथे भूलतज्ज्ञ किंवा सहायक रुग्णाचा खालचा जबडा हलकेच पुढे ओढतो आणि सगळे पडद्याकडे बघतात. वाट उघडली, तर जबडा पुढे धरणारं दंतपट्टीसारखं साधन या माणसाला उपयोगी पडू शकेल, सुरीची गरजच नाही. काही मिनिटांची ही तपासणी कित्येकांचं नको असलेलं ऑपरेशन वाचवते. औषधाने आणलेली झोप म्हणजे नैसर्गिक झोप नव्हे, ही तिची मर्यादा आहे आणि तज्ज्ञांना ती ठाऊक असते.

निवडीबरोबर शस्त्रक्रियेचीही रीत पालटली. फुजितांच्या पिढीने मांस काढून वाट रुंद केली. नंतरच्यांनी मांस राखून त्याची जागा बदलली. साओ पावलोचे मिशेल काहाली यांनी २००३ मध्ये बाजूच्या भिंतींवर लक्ष दिलं. सिंगापूरचे केनी पँग आणि अमेरिकेचे टकर वुडसन यांनी २००७ मध्ये टॉन्सिलमागचा स्नायू खालून सोडवून, फिरवून वर आणि बाहेरच्या बाजूला बांधण्याची पद्धत मांडली. भिंत आत येण्याऐवजी बाहेर ताणली जाते. इटलीच्या क्लाउदिओ विचिनी यांच्या गटाने २०१५ मध्ये गाठ न मारता रुतून बसणारे काटेरी टाके वापरून हेच काम केलं. या पद्धतींत पडजीभ बहुधा तशीच ठेवतात आणि मऊ टाळूला कात्री जवळजवळ लागत नाही.

टाळूला जपण्यामागे मोठं कारण आहे. आपण पाणी पितो तेव्हा मऊ टाळू वर उचलला जाऊन नाकाची मागची वाट बंद करतो. तो जास्त कापला तर घोट नाकातून बाहेर येतो आणि बोलणं गेंगाणं होतं. ऑपरेशननंतर पहिले काही आठवडे असं होणं नवलाचं नाही, बहुतेकांचं ते जातं. काहींचं जात नाही. घशात काहीतरी अडकल्याची भावना आणि कोरड तर पुष्कळांना वर्षानुवर्षं राहते. नव्वदच्या दशकात पॅरिसच्या कामामी यांच्या पद्धतीने बाह्यरुग्ण विभागातच लेझरने टाळू छाटण्याची लाट आली होती. भरती व्हायला नको, तासाभरात घरी, म्हणून ती लोकप्रिय झाली. पण लेझरने भाजलेला टाळू भरताना आकसतो आणि वण वाट आणखी अरुंद करू शकतो. अमेरिकेतल्या निद्रावैद्यकाच्या संस्थेने स्लीप ॲप्नियासाठी ही पद्धत वापरू नये असं स्पष्ट सांगितलं आहे. लेझर हा शब्द ऐकून हुरळून जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

शस्त्रक्रियेची जोखीमही नीट समजून घ्यायला हवी. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत झालेल्या ३,१३० यूपीपीपींची नोंद २००४ मध्ये तपासली गेली. गंभीर गुंतागुंत १.५ टक्के आणि तीस दिवसांतले मृत्यू ०.२ टक्के, म्हणजे पाचशेत एक. आकडा लहान आहे, पण ऐच्छिक शस्त्रक्रियेसाठी तो दुर्लक्षण्याजोगा नाही. सगळ्यात नाजूक असते पहिली रात्र. घशाला सूज, अंगात भुलीचा अंमल, दुखणं थांबवायला दिलेलं औषध, आणि माणूस मुळात श्वास अडण्याचाच रुग्ण. अफूवर्गीय वेदनाशामकं श्वासाची प्रेरणा मंदावतात, म्हणून ती अशा रुग्णाला फार जपून देतात आणि रात्रभर प्राणवायूवर नजर ठेवतात. नंतरचे दहा-चौदा दिवस गिळताना कानापर्यंत कळ जाते. गार पेज, मऊ भात, आइस्क्रीम यांवर दिवस काढावे लागतात. पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास जखमेवरचा पांढरा थर सुटतो, तेव्हा रक्त येऊ शकतं. तोंडातून ताजं रक्त आलं तर घरगुती उपाय करत बसू नये, रात्र असली तरी तडक इस्पितळ गाठावं.

इतकं सगळं असून मी या शस्त्रक्रियेच्या विरोधात नाही, आणि त्याला कारण आहे. स्वीडनमधल्या कारोलिन्स्का संस्थेत ६५ रुग्णांची चिठ्ठ्या टाकून विभागणी केली; काहींना लगेच यूपीपीपी, बाकीच्यांना सहा महिने थांबवलं. २०१३ मध्ये निकाल आले. शस्त्रक्रिया झालेल्यांचा सरासरी आकडा ५३ वरून २१ वर आला, थांबलेल्यांचा ५३ वरून ४७ वर. ऑस्ट्रेलियातल्या सहा केंद्रांत १०२ रुग्णांवर असाच अभ्यास झाला आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. हे सगळे सीपॅप न जमलेले किंवा नको म्हणणारे. टाळूची सुधारित शस्त्रक्रिया आणि जिभेवर रेडिओलहरींचा उपचार झालेल्यांचा आकडा ४७.९ वरून २०.८ वर उतरला. बिनशस्त्रक्रियेच्या गटात ४५.३ वरून ३४.५ वर. दिवसाचा झोपाळूपणाही घटला.

कोणी म्हणेल, २१ म्हणजे आजार उरलाच की. खरं आहे. पण दुसऱ्या बाजूचा हिशेबही तितक्याच कडकपणे करून बघा. एखाद्याला ताशी ४० खंड पडतात. सीपॅप लावल्यावर ते दोनवर येतात, म्हणून यंत्राचा अहवाल उत्तम दिसतो. पण तो आठ तासांच्या झोपेत चारच तास मास्क लावतो, मग वैतागून काढून ठेवतो. उरलेले चार तास पुन्हा चाळीस. पूर्ण रात्रीची सरासरी निघते २१. मास्क उशीशेजारी पडून असला की त्याचा उपयोग शून्य. शस्त्रक्रियेने घशात केलेला बदल पहाटे चारलाही जागेवर असतो. जो माणूस मास्क रात्रभर लावू शकतो त्याच्यासाठी सीपॅपहून चांगलं काही नाही. पण मनापासून प्रयत्न करूनही ज्याला ते जमलं नाही, त्याला पुन्हापुन्हा तेच यंत्र गळ्यात मारणं हा उपचार नव्हे.

अमेरिकेतल्या त्याच निद्रावैद्यक संस्थेची २०२१ ची मार्गदर्शक तत्त्वंही हेच सांगतात: सीपॅप न सोसणाऱ्या आणि अतिस्थूल नसलेल्या प्रौढाशी शस्त्रक्रियेविषयी बोललं पाहिजे. मोठे टॉन्सिल किंवा ठळक दिसणारी रचनात्मक अडचण असेल तर सुरुवातीलाच. नाकाच्या वाकड्या पडद्याची शस्त्रक्रिया एकटी आजाराचा आकडा फारसा खाली आणत नाही, पण नाक मोकळं झालं की पूर्वी नकोसा वाटणारा मास्क सुसह्य होतो. हा फायदा रुग्णांना सहसा कोणी सांगत नाही.

घशाबाहेरचे दोन मार्गही इथे नोंदवायला हवेत. वरचा आणि खालचा असे दोन्ही जबडे कापून पुढे सरकवण्याची शस्त्रक्रिया स्टॅनफर्डमध्ये रुजली. २०१० मधल्या एकत्रित आढाव्यात तिचं यश ८६ टक्के होतं. ती मोठी शस्त्रक्रिया आहे आणि चेहऱ्याची ठेवण बदलते. दुसरा मार्ग, छातीत कातडीखाली बसवलेलं उपकरण जिभेच्या मज्जातंतूला श्वासागणिक हलका झटका देतं आणि जीभ पुढे येते. १२६ रुग्णांच्या अभ्यासात वर्षभरात मध्यक आकडा २९.३ वरून ९ वर आला आणि २०१४ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. ज्यांचा टाळूमागचा भाग चहूबाजूंनी गोल मिटतो त्यांना त्याचा फायदा कमी, म्हणून इथेही आधी ती दुर्बिणीची तपासणी आलीच.

वजनाचं गणित कोणत्याही शस्त्रक्रियेला चुकत नाही. विस्कॉन्सिनमधल्या दीर्घ अभ्यासात वजन दहा टक्क्यांनी वाढलं की आकडा सुमारे ३२ टक्क्यांनी वाढतो असं दिसलं, आणि दहा टक्क्यांनी घटलं की २६ टक्क्यांनी उतरतो. घसा रुंद करून घेतला आणि पोट वाढू दिलं, तर मिळवलेली जागा चरबी परत घेते.

म्हणून कोणी घशाच्या ऑपरेशनचा सल्ला दिला तर स्वाक्षरीआधी डॉक्टरांना विचारा: माझा घसा नेमका कुठे मिटतो, ते तुम्ही कसं पाहिलं? माझ्यासारख्या घशात यश किती जणांना येतं, आणि यश तुम्ही कशाला म्हणता? टाळू किती कापणार? पहिल्या रात्री माझ्याजवळ कोण असेल? चांगला सर्जन या प्रश्नांनी चिडत नाही. आणि ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी रात्रीच्या झोपेची तपासणी, म्हणजे स्लीप स्टडी, पुन्हा कराच. टाळूची थरथर गेली की घोरणं थांबतं, घरचे निश्चिंत होतात, पण श्वास तसाच अडत राहू शकतो, आता आवाज न करता. शेजारी झोपणाऱ्याला ऐकू येणारा इशारा तेव्हा उरलेला नसतो. ते फक्त तपासणीत दिसतं.